‘हव’ म्हणायचं नाही

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई दोन वर्षं माझ्या मागे लागल्या होत्या. दोन्ही वर्षी मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. लिहायला गुडघे लागत नाहीत हे त्यांनाही कळत होतंच. यंदा त्या स्वतः रायपुरात, बूढ़ापाऱ्यातल्या माझ्या घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, “सिस्टर, अपघाताच्या पेशंटच्या दोन-चार गोष्टी लिहा ना. लोक आवडीने वाचतात.” फराळ करता करता लोक असलं कसं वाचतात मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट मी इतकी वर्षं चुकीची सांगत आले, ती एकदा बरोबर लिहून काढावी म्हणून बसले आहे.

मी कॅज्युअल्टीत सिस्टर होते. आधी साधी, मग इन्चार्ज. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. निवृत्त झाले, तरी महिन्यातून दोनदा मला तिथे बोलावतात. जबर जखमी माणूस आला की डॉक्टर, सिस्टर, अटेंडंट, आया या सगळ्यांनी मिळून कसं काम करायचं, ते शिकवायला. त्याला ट्रॉमा टीमचं ट्रेनिंग म्हणतात. आमचे हे त्याला ‘तुझी कवायत’ म्हणतात. दोन्ही बरोबर आहे.

पण आधी एका शब्दाविषयी सांगितलं पाहिजे.

मी मूळची वर्ध्याकडची, लग्न होऊन रायपूरला आले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या बाबांना मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, “बाबा, पैर में दर्द है?” ते म्हणाले, “हव.” मी म्हटलं, “काय हवं?” ते म्हणाले, “हव.” मी पाणी आणून दिलं. अजून काय हवं? “हव.” उशी दिली. पुन्हा “हव.” शेवटी मी बेडपॅन घेऊन उभी राहिले तेव्हा मंगलू भैया, म्हणजे आमचा अटेंडंट, भिंतीला टेकून हसत सुटला. “दीदी, हव माने हाँ! छत्तीसगढ़ी ए!” बाबा बिचारे माझ्या प्रत्येक प्रश्नाला नुसते हो म्हणत होते. त्यांनी पाणी पिऊन घेतलं, उशीही घेतली. बेडपॅनला मात्र त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

पुढे मीही हव म्हणायला शिकले. फार सोयीचा शब्द आहे. ऐकलं, हव. करते, हव. झालं, हव. उगाच डोकं खाऊ नका, त्यालाही हव. घरात, बाजारात, शेजारणीशी बोलताना याच्यासारखा गोड शब्द नाही, आणि नीट म्हटला तर त्यात जरा लाडही असतो. माझी मुलगी मी मराठीत काही सांगितलं की हिंदीत उत्तर देते, पण हो म्हणायचं असेल तर हवच म्हणते.

आता पुनऊची गोष्ट.

पुनऊ गुढ़ियारीच्या मालधक्क्यावर हमाल होता. भर दुपारी पोत्यांची थप्पी त्याच्या कमरेवर कोसळली. सोबतचे चार हमाल त्याला मालाच्या रिक्षात आडवा घालून घेऊन आले. अंगावर रक्ताचा थेंब नाही. शुद्धीवर होता, बोलत होता, तहान लागली म्हणत होता. बाहेरच्या माणसाला वाटेल, चला, वाचला. पण कमरेचं हाड फुटलं की रक्त आतल्या आत वाहतं. माणूस आधी बडबडतो, मग घामेजतो, मग शांत होतो. त्या शांत होण्याची आम्हाला भीती वाटते. ओरडणारा पेशंट परवडला.

डॉक्टर म्हणाले, “सैंपल भेजो. चार यूनिट खून. जल्दी.”

रक्त मागवायचं तर आधी पेशंटच्या रक्ताची बाटली, फॉर्म लावून, ब्लड बँकेत न्यावी लागते. आमची ब्लड बँक पलीकडच्या इमारतीत. ते सॅम्पल मी काढलं. अंगठ्याएवढ्या बाटलीवर माझ्या हाताने ‘पुनऊराम’ असं नाव लिहिलं आणि ती ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “खून?” मी म्हटलं, “हव.” मंगलू म्हणाला, “हव.” फॉर्म लिहिणारा नवा डॉक्टर होता, बिलासपूरकडचा, तोही म्हणाला, “हव सर.”

तीन माणसांनी हव म्हटलं. मला वाटलं, मंगलू नेईल, नेहमी तोच नेतो. मंगलूला वाटलं, फॉर्म नव्या डॉक्टरकडे आहे, तर तोच जाईल. नव्या डॉक्टरला वाटलं, बाटली सिस्टरने काढली, तिने पाठवली असेल. तिघंही कामात होतो, कुणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. मी दुसरी सलाईन लावत होते.

दाराशी त्याची बायको उभी होती. लहानशी बाई, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. मी कापूस आणायला बाहेर आले तेव्हा तिने माझी बाही पकडली. “दीदी, खून आवत हे न?” रक्त येतंय ना?

मी म्हटलं, “हव.”

तिने बाही सोडली आणि खाली बसली. तिला धीर आला होता.

पाऊण तासाने डॉक्टर ओरडले तेव्हा कुणीतरी ट्रेमधला गॉजचा ढीग उचलला. खाली बाटली होती. माझंच अक्षर. मंगलू ती घेऊन धावला, रक्तही आलं, पण पुनऊ तोवर शांत झाला होता. मोठे सर्जन नंतर म्हणाले की वेळेत रक्त मिळालं असतं तरी तो वाचलाच असता असं सांगता आलं नसतं. हे वाक्य मी पुष्कळ वेळा मनात म्हणून पाहिलं आहे. त्याने बरं वाटत नाही.

चौकशी वगैरे काही झाली नाही. वहीत ‘जबर मार’ असं लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं. मंगलू दोन दिवस जेवला नाही. मी जेवले, घरी पाहुणे होते.

ट्रेनिंग आलं ते त्यानंतर वर्षभराने. नागपूरहून एक सर्जन आले, गांधी टोपी तेवढी नव्हती, बाकी अगदी शाळामास्तर. आमच्याच बाजूचं बोलणारे. त्यांनी एक प्लास्टिकचा पुतळा आणला आणि खाटेवर निजवला. मंगलूने त्याचं नाव ‘दमाद बाबू’ ठेवलं. मराठीत जावईबापू. कारण तो नुसता आडवा पडून राहतो आणि दहा माणसं त्याच्याभोवती धावतात. आजही तो तोच आहे. त्याचा एक डोळा गेलाय आणि पोटाला चिकटपट्टी लावली आहे.

सर्जनांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की आम्हाला जरा अपमानच वाटला. एक जण पायथ्याशी उभा राहील आणि पेशंटला हात लावणार नाही. तो फक्त बघेल आणि सांगेल, कारण हात घातला की डोकं त्या एका जखमेत अडकतं. एक जण डोक्याशी, श्वास आणि मान सांभाळायला. दोन बाजूंना दोघं, कपडे कापायला आणि सुया लावायला. एक जण लिहिणार. आणि एक जण धावणार. कोण धावणार ते पेशंट दारात यायच्या आधी ठरलेलं असणार, नावासकट.

मग पहिली कवायत झाली. सर्जन पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “रक्त मागवा.” आम्ही चौघांनी एका सुरात म्हटलं, “हव.” आणि कुणीच हललं नाही.

त्यांनी हात वर केला. “थांबा. बाई, तुमी हव म्हणून राहिल्या. जाऊन कोन राहिलं?”

मी खाली बघितलं.

“मी सांगतलं कोनाले? मीच चुकलो, नाव नाही घेतलं. तुमी चुकल्या, नाव नाही विचारलं. आता हा जावई मेला.” आणि त्यांनी जावईबापूच्या तोंडावर चादर ओढली.

सगळे हसले. मंगलू हसला नाही, मीही नाही. त्या प्लास्टिकच्या पुतळ्यावरची चादर बघून मला बाहेर जावं लागलं.

नियम असा बसला. सांगणाऱ्याने नाव घेऊन सांगायचं. ऐकणाऱ्याने ते काम स्वतःच्या तोंडाने परत म्हणायचं. आणि झालं की झालं म्हणून ओरडायचं. ‘हव’ म्हणायचं नाही. म्हटलं तर कवायत पहिल्यापासून. आमच्या पहिल्या तुकडीने जावईबापूला एका दिवसात अकरा वेळा खाटेवर घेतलं. जन्मभराची जीभ कशी वळणार? मंगलू तर ‘हव’ गिळायचा, ते त्याच्या गळ्यात दिसायचं.

घरी मी हे सांगितलं तर आमचे हे, स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झालेले, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, “यासाठी तुमाले नागपूरहून मानूस आना लागला? आमी गाडी सोडाच्या आधी पुढच्या स्टेशनाले विचारत होतो. त्यानं नुसतं हो म्हटलं तर गाडी नव्हतो सोडत. नंबर द्या लागे, तो परत म्हना लागे, लिवा लागे. मालगाडीले जेवढं जपत होतो तेवढं तुमी मानसाले नाही जपत?” मला राग आला. बरोबर बोलले की त्यांचा मला रागच येतो.

हे ट्रेनिंग उपयोगी पडत नाही असं नाही. एक शाळेतल्या बाई रिंग रोडवर ट्रकखाली आल्या होत्या. तसंच कमरेचं हाड, तसाच घाम. डॉक्टर म्हणाले, “मंगलू, खून लेने तुम जाओगे.” मंगलू असा गरजला की ओपीडीतले लोक उभे राहिले. “खून लेने मैं जा रहा हूँ! सैंपल मेरे हाथ में है!” आणि येताना दुरूनच, “खून आ गया!” आम्ही तोवर कमरेभोवती चादर आवळून बांधली होती. ती एक युक्तीच आहे. साधी चादर, दोन बाजूंनी दोघांनी धरायची, फुटलेलं हाड मिटेल अशी ओढायची आणि गाठ मारायची. आतला रक्तस्राव बराच आवरतो. त्या बाई वाचल्या. चार महिन्यांनी काठी टेकत पेढे घेऊन आल्या आणि ते डॉक्टरांना देऊन गेल्या. मंगलूला एक मिळाला, तो त्याने अर्धा मला दिला.

पण थकवा येतो. दर सहा महिन्यांनी नवे डॉक्टर. ठेकेदार बदलला की सगळ्या आया नव्या. पुन्हा पहिल्यापासून. काही मोठे डॉक्टर तर सिस्टरने “सर, आपने नाम नहीं लिया” म्हटलं की पाय आपटत निघून जातात. त्यांच्या मागे धावायला आता माझे गुडघे नाहीत, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही.

तुकडीला मी नेहमी पुनऊची गोष्ट सांगायची. नाव न घेता. एक हमाल होता, एक अटेंडंट होता, एक नवा डॉक्टर होता, आणि एक सिस्टर होती. त्या सिस्टरने हमालाच्या बायकोला सांगितलं, रक्त येतंय. मग कुणीतरी विचारतं, “फिर उस सिस्टर का क्या हुआ मैडम?” मी म्हणायची, “नौकरी करती रही.” त्यावर हसू येतं, ताण सुटतो, आणि मी चादर हातात घेते. इतकी वर्षं मी ‘एक सिस्टर’ म्हणत आले. त्या शब्दांमागे लपायला मला छान जागा मिळाली होती.

या पावसाळ्यात नव्या आयांची यादी आली. सहावं नाव, बुधवारिन बाई, गुढ़ियारी. पुनऊच्या बायकोचंही नाव हेच होतं, पण या नावाच्या बायका इथे पुष्कळ. बुधवारी जन्मली की बुधवारिन. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पण वॉर्डात एक पाठमोरी बाई फरशी पुसत होती. ती वळली तेव्हा पदर दातांत धरलेला होता.

तिने ओळखलं की नाही, कळेना. मी तेव्हा काळ्या केसांची होते. ती मला “दीदी” म्हणाली, पण दीदी तर सगळेच म्हणतात. मी औषधाच्या कपाटात काहीतरी शोधत बसले. तिच्या तुकडीचा वर्ग तीन आठवड्यांवर होता.

मी ठरवलं, यंदा ती गोष्ट सांगायची नाही. दुसरी सांगू, त्या शाळेतल्या बाईंची. ती बरी आहे, तीत पेढे आहेत. पण मग दिवसभर तेच डोक्यात. सांगितलं तर काय होईल? ती तक्रार करेल, मंगलूचंही नाव निघेल, आणि तो आता गावी नातवंडांत आहे. ज्या एका जागी अजून मला मान मिळतो तिथूनही मला हात जोडतील. आणि नाही सांगितलं तर? ती त्या खोलीत माझ्यासमोर उभी राहणार आणि मी तिला शिकवणार की खोटा धीर द्यायचा नाही.

एका सकाळी चहा नासला, कारण तंद्रीत मी दुधात लिंबू पिळलं होतं. ह्यांनी कप बाजूला सरकवला. “काहून अशी करून राहिली? काय झालं?” मी सगळं सांगितलं. पुनऊचं त्यांना माहीत होतं. बाही पकडल्याचं मी कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी नासका चहा मोरीत ओतला. मग म्हणाले, “सांग. पण एक पाह्य. तुले मोकळं व्हाचं हाय म्हनून सांगशीन, त नको सांगू. तिले काही पाह्यजे हाय का, ते पाह्य.”

“तिले काय पाह्यजे ते मले कसं कळन?”

“ते मले नाही माहीत,” ते म्हणाले आणि दुसरं दूध आणायला गेले.

वर्गाच्या दिवशी बारा जण होते. दोन डॉक्टर, चार सिस्टर, बाकी अटेंडंट आणि आया. बुधवारिन शेवटी भिंतीशी उभी. ‘हव’चा नियम आणि चादरीची युक्ती सकाळीच दाखवून झाली होती. मी शाळेतल्या बाईंची गोष्ट सुरू केली आणि रिंग रोडपर्यंत येऊन थांबले. मग म्हटलं, नाही, दुसरी सांगते, आणि सांगितली. मालधक्का, पोती, बाटली, तीन वेळा हव. बाहीपर्यंत आले तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही. जावईबापूच्या फुटक्या डोळ्याकडे बघत बोलले.

एका पोरसवदा सिस्टरने नेहमीचा प्रश्न विचारला. “फिर उस सिस्टर का क्या हुआ मैडम?”

“वो सिस्टर मैं हूँ,” मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. एका डॉक्टरने मोबाइल खिशात ठेवला. मी भिंतीपर्यंत गेले. तेवढं अंतरही लांब वाटलं. तिच्यासमोर उभी राहून तिच्या बोलीत म्हटलं, “बुधवारिन, ओ सिस्टर मैं रहेंव. खून नइ आवत रहिस. बाटली उहें परे रहिस.” रक्त येत नव्हतं. बाटली तिथेच पडली होती.

तिने दातांतला पदर सोडला. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग बाहीकडे. तिला आधीपासून ठाऊक होतं की आत्ता कळलं, ते मला आजही सांगता येणार नाही.

“हव,” ती म्हणाली.

वर्गाचा नियम सगळ्यांना माहीत होता. हव म्हटलं की थांबवायचं, पूर्ण वाक्य म्हणायला लावायचं. सगळे माझ्याकडे बघत होते. ऐकलं म्हणाली, की ठाऊक आहे म्हणाली, की पुरे कर म्हणाली? माझ्या तोंडून हिंदी निघेना, छत्तीसगढ़ी निघेना. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात निघालं होतं तेच निघालं, मराठीत.

“काय हवं?”

तिला मराठी येत नाही.

“हव दीदी,” ती म्हणाली. खाटेपाशी गेली आणि जावईबापूच्या कमरेखालून चादर सरकवून तिचं एक टोक धरून उभी राहिली. दुसरं टोक तिने माझ्याकडे केलं. मी ते धरलं, आणि आम्ही दोघींनी ओढलं.